यात्रेतील आकाशपाळणा : करमणूक आणि अर्थकारण



पावसाळा सरून दसरा उजाडला की कामठी परिसरात यात्रांचे दिवस सुरू होतात. नागपूरच्या दीक्षाभूमीवर येणारे अनेक अनुयायी १९९९ साली लोकार्पण झालेल्या कामठीच्या ड्रॅगन पॅलेस मंदिरालाही भेट देतात. पुढे कार्तिकात रामटेकची त्रिपुरी पौर्णिमा येते, तर महाशिवरात्रीस आंभोऱ्याचा संगम भाविकांनी फुलतो. अशा गर्दीच्या मागोमाग पाळणेवाल्यांचा मुक्काम हलत असतो.

एके काळी चार पेट्यांचा लाकडी पाळणा बैलगाडीत मावत असे. गावचा सुतार त्याची दुरुस्ती करी आणि दोघांच्या हातांच्या जोरावर तो फिरे. गर्दी झाली नाही, तर दिवसाची मजुरी तेवढी बुडे. आज त्याची जागा लोखंडी आकाशपाळण्याने घेतली आहे. त्याला मालमोटारी, जनरेटर, डिझेल, जोडारी आणि उभारणीचे मजूर लागतात. हा सारा खर्च पहिले तिकीट विकण्यापूर्वीच करावा लागतो व गिऱ्हाईक कमी आले म्हणून तो कमी होत नाही. २०२० साली टाळेबंदी आली आणि यात्रा बंद पडल्या. तेव्हा उत्पन्न थांबले, पण कर्जाचे व्याज थांबले नाही. पाळण्यांवरील वस्तू व सेवा कर २०१८ साली २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हा एक दिलासा होय. तथापि करमणूक कर आकारण्याचा अधिकार स्थानिक संस्थांकडे राहिलेलाच आहे.

समजा, मुक्काम १५ दिवसांचा आहे आणि परवानगीच्या कागदांत २ दिवस गेले. तोच खर्च आता १३ दिवसांत भरून काढावयाचा, म्हणजे दर दिवसाचा भार सुमारे १५ टक्क्यांनी वाढला. त्यात मैदानाचा लिलाव चढत गेला, तर मालकाने काटकसर करावी कोठे? डिझेल टाळता येत नाही, वाहतूक टाळता येत नाही. टाळता येतो तो झिजलेला नट बदलण्याचा खर्च, आणि थकलेल्या मजुराची विश्रांती. लिलावातील चढ्या बोलीचे ओझे अशा रीतीने अखेर पेटीत बसलेल्या बालकावर येऊन पडते.

म्हणून ग्रामपंचायती व नगरपरिषदांनी मैदानाचे भाडे वाजवी ठेवून ते आधीच जाहीर करावे. सर्व परवानग्यांचा निर्णय यात्रेपूर्वी व्हावा. अभियंत्याने सांगाड्याची आणि विद्युत निरीक्षकाने जोडणीची तपासणी केल्यावाचून पाळणा सुरू होऊ नये. रोज प्रथम तो रिकामा फिरवून पाहावा, वादळी वाऱ्यात थांबवावा आणि विम्याची खातरजमा करावी. शिक्षकांनीही तंबूतील मुलांकडे लक्ष द्यावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नाही म्हणून त्यांचा प्रवेश अडविता येत नाही.

यात्रेचे उत्पन्न गावाला हवेच. परंतु वरच्या पेटीतून गाव न्याहाळणारे मूल सुखरूप खाली उतरले पाहिजे, हा त्या जमाखर्चातील पहिला हिशेब होय.