‘आता घरी न्या’ म्हटल्यावर



“आता घरी न्या,” असे डॉक्टर म्हणाले की त्या घरात चूल पेटत नाही. लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात खेपा घालून, दागिने मोडून थकलेली वसई-विरारची माणसे आपण पाहतो. अशा रुग्णासाठी हॉस्पिस असते, हे आम्हाला आज सांगायचे आहे.

वांद्र्याचे ‘शांती आवेदना सदन’ डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली सुरू केले. भारतातील ते पहिले हॉस्पिस. तेथे कोणाला घेतात? ज्याचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेला आहे व डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे, त्याला. जात-धर्म पाहत नाहीत, पैसे घेत नाहीत.

जो अजून बरा होऊ शकतो, त्याची जागा रुग्णालयात. केवळ म्हातारपण आले म्हणून कोणी पात्र ठरत नाही. तो वृद्धाश्रम नव्हे. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत आयुष्य सहा महिन्यांच्या आतले, असा डॉक्टरांचा दाखला लागतो. आपल्याकडे कायद्याने असा महिन्यांचा हिशेब नाही. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. वेदना, धाप, जखमा घरी आवरेनाशा झाल्या की लगेच विचारावे.

तेथे ठेवणे म्हणजे माणूस टाकून देणे नव्हे. विद्यार्थी मित्रांनो, शेजारच्या घरातील कागदपत्रे आपण वाचून देऊ, डॉक्टरांची चिठ्ठी मिळवून देऊ. रोग हटत नसला, तरी वेदना कमी करता येते.