वाट मोकळी करणारा वीर

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



यंदा विषय मंडळाच्या तरुण मुलांनीच सुचवला : सैन्यातील शौर्य आणि बलिदान. ऐकून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. या विषयावर आवाज चढवून बोलणे फार सोपे असते. वक्ता मूठ आवळतो, टाळ्या पडतात, आणि घरी जाताना त्या जवानाने नेमके काय केले हे कोणालाच सांगता येत नाही. आम्ही काही पट्टीचे वक्ते नव्हे. पीडब्ल्यूडीत रस्त्यांची कामे पाहणारी माणसे आहोत. म्हणून आज रस्त्याचीच गोष्ट सांगतो.

आपल्या बेळगावला सैन्य नवे नाही. १९२२पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथे आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी भरतीची पोरे आपण रोज पाहतो. कसम परेडला गावाकडून आलेले आईवडील पाहतो. त्यामुळे इथल्या मुलाला गणवेशाचे आकर्षण वाटले तर नवल नाही. प्रश्न इतकाच, की त्याला नेमके कशाचे कौतुक वाटते? बंदुकीचे, पदकाचे की कामाचे?

यासाठी आपल्याच सीमाभागातील एका माणसाकडे जाऊ. रामा राघोबा राणे. जन्म २६ जून १९१८, कारवारजवळच्या चेंडिया गावचे. वडील पोलीस शिपाई. बदलीची नोकरी, त्यामुळे मुलाचे शिक्षण धड एका जागी झाले नाही. सरकारी नोकरीतल्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९४०मध्ये राणे बॉम्बे इंजिनीअर्समध्ये साधे रिक्रूट म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्धच्या लढाईत होते. अधिकारी झाले ते १९४७च्या डिसेंबरात, सात वर्षे हाताखाली काम केल्यावर.

पुढे चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८मध्ये, काश्मीरच्या लढाईत आपल्या फौजेला नौशेराहून राजौरीला पोचायचे होते. सगळा डोंगराळ मुलूख, आणि रणगाडे जातील असा एकच रस्ता. शत्रूने तो जागोजागी अडवलेला : भूसुरुंग पेरलेले, पाइनची झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, भराव फोडलेले. रस्ता मोकळा करणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते सेकंड लेफ्टनंट राणे.

मुलांनो, त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात विशेषणे आहेत, पण त्याहून जास्त वेळा आहेत. आमच्या साइटवरच्या डायरीसारखे ते वाचता येते.

८ एप्रिल, सकाळी ११. तुकडी २६व्या मैलाजवळ रणगाड्यांपाशी उभी होती. काम सुरू व्हायच्या आधीच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार, पाच जखमी. जखमींत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेली माणसे पुन्हा जुळवली आणि काम सुरू केले. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची टेकडी हाती आली. आसपास शत्रू अजून होता, तरी रणगाड्यांसाठी वळणरस्ता करायला त्यांनी माणसे पुढे नेली. रात्री १० वाजेपर्यंत, शत्रूच्या नजरेसमोर, मशीनगनच्या माऱ्यात ते काम चालले.

९ एप्रिल. सकाळी ६ला पुन्हा सुरुवात. दुपारी ३ला वळणरस्ता तयार. मग राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसून निघाले. अर्ध्या मैलावर झाडांचा अडथळा, तो सुरुंग लावून उडवला. पुढे तीनशे यार्डांवर तोच प्रकार. मग उडवलेली मोरी. तिला वळसा घालून रस्ता काढला. सव्वासहाला, अंधारून येताना, पाच मोठी झाडे, भोवती भूसुरुंग आणि त्यावर रोखलेली मशीनगन. त्यांनी सुरुंग काढायला घेतलेच होते. पण अंधार पाहून दलप्रमुखांनी तांडा थांबवला.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला त्याच अडथळ्यापाशी. साडेसहाला तो मोकळा. पुढचे हजार यार्ड तर नुसते अडथळेच. साडेदहाला तेही पार. रणगाडे तावी नदीच्या पात्रात उतरून पुढे गेले आणि दुपारी २ला चिंगसला पोचले. आता राण्यांचे काम झाले असे कोणीही म्हटले असते. पण मागून रसद यायची होती, आणि तिला रस्ताच हवा होता. म्हणून ते रात्री ९पर्यंत रस्ता साफ करत राहिले. ११ एप्रिलला पुन्हा सकाळी ६ ते रात्री १०. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, राजौरी आपल्या हाती आली.

आम्हाला कामावर एखादी मोरी खचली की पर्यायी रस्ता काढायला किती खटपट पडते ते माहीत आहे. जेसीबी असतो, मुकादम असतो, वर कोणी गोळ्या झाडत नसतो, तरी दिवस जातो. म्हणून हे मानपत्र वाचताना आमचे लक्ष एका गोष्टीवर थांबते : सकाळी ६ वाजता पुन्हा सुरुवात. पहिला दिवस माणूस जोशात काढेल. जखमी अंगाने, दोन सोबती गमावून, दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला लागणे आणि तिसऱ्या, चौथ्या दिवशीही लागणे, याला आम्ही शौर्य म्हणतो. भूसुरुंग काढताना आरोळी उपयोगाची नसते. तिथे बोटे स्थिर लागतात आणि शिकलेले डोक्यात पक्के लागते.

आपल्या मराठा पलटणीचेही उदाहरण पाहा. शिपाई नामदेव जाधव यांना इटलीत सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांनी एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली, ते आपण ऐकतो. पण त्याआधी त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवले होते. आधी आपली माणसे, मग ठाणी. वीरांच्या हकिगती नीट वाचल्या की हे वारंवार दिसते : दुसऱ्याची जबाबदारी अंगावर घेतलेली असते.

आता थोडे वडीलधाऱ्यांशी. शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरात, असे आपण हसत हसत म्हणतो. परेड पाहून टाळ्या वाजवतो. पण घरातला मुलगा जेवताना म्हणाला, ‘मला सैन्यात जायचंय,’ की ताटावर शांतता पसरते. ती काळजी खोटी नाही. आजवर परमवीरचक्राचे मानकरी २१. त्यांतील १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले. हा आकडा मुलापासून लपवू नये, आणि त्याला गप्प करण्यासाठी वापरूही नये. त्याला विचारा, सैन्यात जाऊन काय काम करणार? पायदळ, तोफखाना, इंजिनीअर्स, सिग्नल्स, वैद्यकीय सेवा, यांतले काय? अग्निपथमधून गेलास तर नोकरी चार वर्षांची, त्यापुढे जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणच कायम होतात, हे ठाऊक आहे ना? आणि हे फक्त मुलांनाच विचारू नका. २०२२पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश आहे. एवढे विचारूनही ज्याची इच्छा टिकेल, त्याच्या पाठीवर हात ठेवा. जे सैन्यात जाणार नाहीत त्यांनाही राण्यांकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. मागून येणाऱ्यांसाठी रस्ता नीट झाला की नाही हे पाहूनच जागा सोडायची, हे कोणत्याही टेबलावर लागू आहे.

राणे त्या लढाईतून परतले. २८ वर्षे सेवा करून १९६८मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, १९९४मध्ये वारले. अंदमानातील एका बेटाला २०२३मध्ये त्यांचे नाव दिले गेले. ते योग्यच झाले. पण ८ एप्रिलला सकाळी काम सुरू होण्यापूर्वीच जे दोघे गेले, त्यांची मानपत्रात नावे नाहीत. फक्त ‘दोन’ हा आकडा आहे. त्यांना मोरी बांधायला मिळाली नाही, झाड उडवायला मिळाले नाही. बलिदान म्हणतात ते हेही असते, आणि त्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

म्हणून मुलामुलींनो, तुम्हाला एक काम देतो. आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची. त्या भागात कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी आहे. या गावातून इतकी माणसे १९१४-१९च्या युद्धाला गेली, इतक्यांनी प्राण दिले, असे तीवर कोरलेले असते. तिथेही फक्त आकडा. यंदा जत्रेला किंवा देवदर्शनाला गावी जाल तेव्हा आपल्या गावात अशी पाटी आहे का ते बघा. असली तर म्हाताऱ्या माणसांना विचारा, ही माणसे कोणत्या घरातली? कोण परतले, कोण नाही? जी नावे मिळतील ती वहीत उतरवा आणि पुढच्या गणपतीत इथे येऊन वाचून दाखवा. एखादेच नाव मिळाले तरी चालेल. त्या दिवशी भाषण तुमचे, आणि आम्ही समोर बसून ऐकू.

गणपती बाप्पा मोरया!