वर्गात उत्तर चुकले म्हणजे
(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



अमृतमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी आमच्या मुखातून गौरवाचे चार शब्द निघावे, अशी आपणां सर्वांची अपेक्षा असेल, आणि ती वाजवीच आहे. ज्यांच्या आजोबांनी ह्या शाळेत मुळाक्षरे गिरविली, त्यांची नातवंडे आज त्याच शाळेत ती गिरवीत आहेत, ही देवाची लहान कृपा नव्हे. परंतु गौरवाचे कार्य आमच्याहून योग्य अशा वक्त्यांनी कालच उत्तम रीतीने पार पाडले आहे. म्हणून आज आम्ही एका लहानशा विषयावर बोलणार आहो. वर्गात एखाद्या मुलाचे उत्तर चुकले म्हणजे त्यापुढील अर्ध्या मिनिटात शिक्षकाने काय करावे, हा तो विषय होय. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि वर्गाचे वळण बहुतांशी त्या अर्ध्या मिनिटात ठरते, असे आमचे मत झाले आहे.

हे मत आम्हांस ग्रंथांतून प्राप्त झालेले नाही. ते आमच्या हातून घडलेल्या एका अपराधातून आले आहे, आणि तो अपराध आज आपणांपुढे सांगणे आम्हांस योग्य वाटते.

सुमारे तीस वर्षांपूर्वी, गुरुदीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा, वसईतल्याच एका दुसऱ्या गावी आम्ही सहायक धर्मगुरू होतो. तेथील शाळेतले एक गुरुजी आजारी पडले, आणि काही आठवड्यांपुरता चौथीचा वर्ग आमच्याकडे आला. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईश्वरज्ञान शिकलो होतो. चाळीस मुलांपुढे उभे कसे राहावे हे मात्र शिकलो नव्हतो. एके दिवशी पाठ फुलांचा होता. आम्ही विचारले, "फुले केव्हा उमलतात?" आम्हांस हवे असलेले उत्तर होते, "सकाळी." शेवटच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि आपल्या घरच्या कादोडी बोलीत सांगू लागला की, आमचा मोगरा संध्याकाळी उमलतो, आई पहाटे कळ्या मिटलेल्या असतानाच खुडते आणि मग त्या गाडीने दादरला जातात. त्याची बोली ऐकून वर्ग हसला. आणि सांगावयास लाज वाटते, आम्हीही हसलो. "शुद्ध बोल," असे म्हणून आम्ही त्यास खाली बसविले आणि फळ्यावर लिहिले, "फुले सकाळी उमलतात."

आपणांपैकी ज्यांच्या वाडीत मोगरा आहे, ते आता मनातल्या मनात आम्हांस हसत असतील, आणि त्यांचे हसणे रास्त आहे. मुलाचे उत्तर बरोबर होते. चूक फळ्यावर होती. पण आम्ही त्याची बोली ऐकली, म्हणणे ऐकले नाही. आम्ही तो वर्ग सोडीपर्यंत त्या मुलाने पुन्हा एकदाही हात वर केला नाही.

गेल्या जून महिन्यात तोच मुलगा, आता गृहस्थ झालेला आणि आपल्या गावात घर केलेला, मुलीचे नाव शाळेत घालण्यास आला. त्याने आम्हांस ओळखले; आम्ही त्यास ओळखले नाही. त्याने जुनी गोष्ट काढली ती हसत हसत, तक्रारीचा सूरही न लावता. उठताना मात्र म्हणाला, "फादर, पोरगी घरी फार बोलते. वर्गात पण बोलू द्या तिला, एवढंच." त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आजचे हे भाषण त्या रात्रीचे आहे.

आता विचार करा. त्या दिवशी वर्गात चाळीस मुले होती. एक मुलगा गप्प बसला हे आम्हांस निदान दिसले तरी. उरलेली एकोणचाळीस काय शिकली? ती इतके शिकली की, येथे उत्तर ठाऊक असले तरी बोलणे धोक्याचे आहे. त्यानंतर आम्ही कितीही उत्साहाने शिकविले असते, तरी हात त्याच तीन-चार हुशार मुलांचे वर झाले असते. मुले लक्ष देत नाहीत, मुलांस गोडी नाही, असे आपण वारंवार म्हणतो. वस्तुतः पुष्कळ मुलांस गोडी असते. हसे होण्याची भीती तिच्याहून मोठी असते, एवढेच. ती भीती घालविण्याचे काही साधे उपाय आम्ही आपणांपुढे ठेवितो. त्यांस पैसा बहुतेक लागत नाही; सवय मात्र लागते.

पहिला उपाय, प्रश्न विचारल्यावर थांबणे. अमेरिकेतील मेरी बड रो ह्या विदुषींनी विज्ञानाच्या तासांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली आणि १९७४ साली आपले निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असे त्यांस आढळले. तेवढ्यात उत्तर न आले तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्या मुलाकडे वळतात, किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हाच अवधी तीन सेकंदांचा अथवा त्याहून थोडा अधिक केला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, एरवी न बोलणारी मुले बोलू लागली आणि मुले आपण होऊन प्रश्नही विचारू लागली. तीन सेकंद म्हणजे मनात सावकाश एक, दोन, तीन म्हणणे. करून पाहिले म्हणजे कळते की, उभ्या असलेल्या शिक्षकास ही शांतता किती दीर्घ वाटते! तिला भिऊ नये. प्रश्न सर्व वर्गास विचारावा, थांबावे, आणि नाव मागाहून घ्यावे. आधी नाव घेतले म्हणजे उरलेला वर्ग विचार करणे सोडून देतो. प्रश्न कठीण असेल तर मुलांस प्रथम शेजाऱ्याशी एक मिनिट बोलू द्यावे. जे मूल वर्गापुढे बोलण्यास धजत नाही, ते शेजाऱ्यापाशी बोलते, आणि एकदा बोललेले उत्तर दुसऱ्यांदा उच्चारणे त्यास सोपे जाते.

दुसरा उपाय, चुकलेल्या उत्तराची चौकशी करणे. बेचाळिसातून सतरा वजा करावयास सांगितले आणि मुलाने पस्तीस लिहिले, तर लाल फुली मारून पुढे जाणे सोपे असते. परंतु "हे कसे काढलेस, ते आम्हांस सांग," असे शांतपणे विचारले तर मुलगा सांगेल की, सातातून दोन गेले पाच, आणि चारांतून एक गेला तीन. म्हणजे त्याने आळस केलेला नाही. 'मोठ्यातून लहान वजा करावे' हा नियम त्याने चुकीच्या ठिकाणी लावला आहे, आणि दशक सुटा करणे त्यास समजलेले नाही. वर्गात आणखी पाच-सहा मुलांनी बहुधा हेच केलेले असते. ह्या मुलाने सांगितले म्हणून त्या सर्वांचे काम झाले. तेव्हा त्यास म्हणावे, "बरे झाले तू सांगितलेस." मात्र हे शब्द सर्वांसमक्ष म्हणावे. आणि कोणी हसले, तर हसणाऱ्यास रागावण्यापूर्वी शिक्षकाने आपण स्वतः हसत नाही ना, हे पाहावे.

तिसरा उपाय घरच्या बोलीविषयी आहे. आपल्या गावांतील मुले घरी कोणी कादोडी, कोणी वाडवळी बोलतात; बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांची मुले आणखी निराळ्या भाषा बोलतात. पुस्तकाची मराठी त्यांस शिकविणे हे आपले कर्तव्य आहे, ह्यात शंका नाही. परंतु उत्तर प्रथम स्वीकारावे, आणि मग शब्द द्यावा. फळ्यावर घरचा शब्द व पुस्तकातला शब्द शेजारी शेजारी लिहावे. मूल दोन्ही जपेल. फ्रान्समध्ये संत योहान बाप्तिस्त दे ला साल (१६५१–१७१९) ह्यांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्या काळी मुलांस वाचन लॅटिनमधून शिकविण्याची रूढी होती. त्यांनी ती मोडून मुलांच्या स्वतःच्या फ्रेंच भाषेपासून आरंभ केला. १९५० साली पोप बारावे पायस ह्यांनी त्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्यांची तसबीर शाळेत लावणारांनी मुलाच्या बोलीस हसू नये.

चौथा उपाय, मुलांच्या गावातील वस्तू वर्गात आणणे. ह्याचा आदर्श आपल्याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी शैक्षणिक साधने खेड्यात परवडत नाहीत, म्हणून त्यांनी खडे, बिया, पाने, शिंपले ह्यांचीच साधने केली. आदिवासी मुले गुरे चारावयास जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा ती शाळाच कुरणावर नेण्यात आली. मुले येत नाहीत असे म्हणून त्या दोघी स्वस्थ बसल्या नाहीत. आम्ही त्या दिवशी मोगऱ्याची मूठभर कळी वर्गात मागविली असती आणि संध्याकाळपर्यंत ती पाण्यात ठेविली असती, तर पाठ आपोआप शिकविला गेला असता, आणि त्या दिवसाचा शिक्षक तो मुलगा झाला असता.

पाचवी गोष्ट शिक्षेची. काठीविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही; २००९ च्या शिक्षण-हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळासही मनाई केली आहे. परंतु काठी गेली तरी जीभ उरते, आणि तिचे वळ पालकांस दिसत नाहीत. "तुझ्या बापालाही येत नव्हते," हे वाक्य आपल्या वर्गांतून कायमचे जावे, एवढीच आमची विनंती आहे. संत जॉन बॉस्को ह्यांनी १८८४ साली रोमहून आपल्या तुरीनच्या सहकाऱ्यांस एक पत्र पाठविले. त्याचा आशय असा की, मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही. ते प्रेम मुलांच्या प्रत्ययास आले पाहिजे. आणि ते प्रत्ययास यावे म्हणून शिक्षकांनी मुलांच्या खेळात मिसळावे, असा त्यांचा आग्रह होता. मधल्या सुटीत दहा मिनिटे अंगणात उभे राहा. जे मूल वर्गात शेवटच्या बाकावर लपते, ते तेथे कदाचित सर्वांत पुढे धावताना दिसेल. दुसऱ्या दिवशी त्यास नावाने हाक मारणे आपणांस सोपे जाईल, आणि उत्तर देणे त्यास.

शेवटचा उपाय एका वहीचा. दिवस संपताना हजेरीपटावरून नजर फिरवावी आणि आज ज्या मुलांचा शब्दही आपण ऐकला नाही, त्यांची नावे लिहावी. दोन मिनिटांचे काम आहे. आठवड्याने वही उघडली म्हणजे काही नावे पुनःपुन्हा आलेली दिसतील. पुढील सोमवारचा पहिला सोपा प्रश्न त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

गुरुजनहो, आपल्या अडचणी आम्हांस ठाऊक नाहीत असे नाही. वर्ग मोठे आहेत, अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो, जनगणना आणि निवडणुका ह्यांची कामे येतात, आणि मराठी शाळेचा पट टिकविण्याची चिंता वर्षभर उरावर असते. ह्या सर्व गोष्टी एका दिवसात करा, असे आम्ही म्हणत नाही. एक महिना केवळ तीन सेकंद थांबून पाहा. मुख्याध्यापकांसही आमची विनंती आहे की, ज्या वर्गातून आवाज येत नाही तोच उत्तम वर्ग, असे मानू नये. मुले पाठाविषयी बोलत असतील, तर थोडा गलबला सोसावा.

पालकहो, आपलाही ह्यात वाटा आहे. मूल घरी आले की आपण विचारतो, "किती गुण मिळाले?" त्याऐवजी कधी असे विचारा, "आज वर्गात तू काय विचारलेस?" बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला, तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांस प्रश्नही विचारीत होता, असे संत लूक सांगतात. त्या गुरुजनांनी त्यास गप्प बसविले नाही, हे आम्ही इतकी वर्षे वाचूनही ध्यानात घेतले नव्हते. तो नाझरेथचा, म्हणजे गालील प्रांतातला. आणि गालीलकरांची बोली यरुशलेमात तेव्हाच ओळखू येई, हे पेत्राच्या कथेवरून आपणांस माहीतच आहे.

ह्या जूनपासून दर सोमवारी चौथीचा एक तास आम्ही स्वतः घेणार आहो. मुख्याध्यापकांनी तशी परवानगी दिली आहे. नावे लिहिण्याची वही आम्हीही ठेवू, आणि वर्षअखेरीस ह्याच सभेपुढे ती उघडू; तीत आमचे अपयश असेल तर तेही आपण पाहावे. त्या गृहस्थाची मुलगी आज पहिलीत आहे. ती चौथीत येईल त्या दिवशी, फुले केव्हा उमलतात हा प्रश्न आम्ही तिला विचारू आणि थांबू.

परमेश्वर आपली शाळा, आपले शिक्षक आणि आपली लेकरे ह्यांस आपल्या आशीर्वादाने सांभाळो.