पायातल्या फुगलेल्या शिरा

दिवसभर उभं राहून काम करणारे कंडक्टर, शिक्षक, पोलीस, स्वयंपाकी... संध्याकाळी त्यांचे पाय जड होतात, ठणकतात, पोटऱ्यांवर निळ्या शिरा उठून दिसतात. याच व्हेरिकोज व्हेन्स. शिरांमधल्या झडपा नीट मिटल्या नाहीत की वर चढणारं रक्त पुन्हा खाली उतरतं आणि शिरा फुगतात.

आधी डॉपलर सोनोग्राफी करून घ्या; रक्त नेमकं कुठून उलटतंय ते तिच्यात दिसतं. पूर्वी मांडीतली शीर ओढून काढत. आता सुईच्या छिद्रातून बारीक नळी सरकवून लेझरच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेनं शीर आतूनच बंद करता येते. भूल बहुधा पायापुरतीच, आणि पेशंट सहसा त्याच दिवशी चालत घरी. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं २०१३ सालीच या उपचाराला शस्त्रक्रियेच्या आधीचं स्थान दिलं. काही शिरांमध्ये औषधाचा फेस टोचतात. शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून, ही भीती अनेकांना वाटते; ते खोलवरच्या निरोगी शिरांमधून जातं.

घोट्याजवळची कातडी काळवंडली, जखम भरेना, तर मलमं चोळत बसू नका, रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांना दाखवा. एकाच पायाला अचानक सूज येऊन दुखू लागलं, तर त्याच दिवशी.