छापील आणि भरलेल्या कपड्यांची निगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी "कपड्यांवर चार शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मागे याच ठिकाणी हृदयविकारावर एका डॉक्टरांचे व्याख्यान झाले होते. त्या जागी उभे राहून मी धुण्याबद्दल काय बोलणार? पण त्या म्हणाल्या, "अहो, हृदयविकार सगळ्यांना नसतो, धुणे सगळ्यांना असते." यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून आज उभी आहे.

सगळ्याच धुण्याबद्दल मी बोलणार नाही. आपण मुद्दाम सांगून छापून किंवा भरून घेतो, त्या कपड्यांपुरतेच बोलेन. मंगळागौरीच्या खेळांच्या गटाचे नाव छापलेला सदरा, नातवाच्या वाढदिवसाला त्याचेच चित्र उमटवलेला टी-शर्ट, लेकीच्या लग्नातले आरीकामाचे पोलके, ही त्यातली माणसे. असा कपडा बिघडला की दुकानात जाऊन त्याची जोडी मिळत नाही. म्हणून जरा जपावे लागते.

आपल्या मंडळाचा उद्योग विभाग आम्ही चौघी-पाचजणी पाहतो, हे आपणांस ठाऊक आहे. २०१९ सालच्या पावसाळ्यात आम्हांला एका शाळेच्या लेझीम पथकाचे ४२ टी-शर्ट छापायचे काम मिळाले. पाठीवर शाळेचे नाव, छातीवर लेझीम. एवढे मोठे काम पहिलेच. चौदा दिवसांत दिले आणि पेढे वाटले. महिन्याभरात त्यांतले ११ परत आले. कुणाच्या पाठीवरचे नाव तडकलेले, कुणाच्या लेझमीचे अर्धे तुकडे गळालेले.

आमचे पहिले उत्तर तुम्हांला ओळखता येईलच. "नीट धुतले नसतील!" आम्ही एकमुखाने तसेच म्हणालो. यंत्रात गरम पाण्यात घातले असतील, दगडावर आपटले असतील, आजकालच्या आयांना कुठे वेळ असतो, वगैरे. आमच्यातल्या सर्वांत वडील बाई मात्र गप्प होत्या. त्यांनी उरलेला एक जास्तीचा सदरा घरी नेला. थंड पाण्यात, उलटा करून, हाताने धुतला, सावलीत वाळवला. असे चार वेळा केले. पाचव्या दिवशी त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी छपाई हलकेच ताणली. अक्षरांना भेगा पडल्या. आम्ही कुणी काही बोललो नाही.

दोष आमचा होता. आम्ही वापरतो त्या शाईला प्लास्टिसॉल म्हणतात. ती पाण्याच्या रंगासारखी वाळत नाही. तिला सुमारे १६० अंश सेल्सियस उष्णता लागते, आणि तीही वरवर नव्हे, थराच्या तळापर्यंत. तेवढी मिळाली तर ती रबरासारखी ताणते आणि पुन्हा जागेवर येते. कमी मिळाली तर वरून सुकी दिसते, हाताला लागत नाही, आतून मात्र कच्चीच राहते. अर्धवट भाजलेल्या भाकरीसारखीच गत! शेवटच्या दिवसांत घाई झाली होती, आणि प्रत्येक सदरा दाबयंत्राखाली ठेवायचा तेवढा वेळ आम्ही ठेवला नव्हता.

परत आलेल्या ११ पैकी तिघांची कथा निराळी होती. त्यांची अक्षरे तडकलेली नव्हती, ओघळून पसरली होती. म्हणजे थेट छपाईवर कडक इस्त्री फिरली होती. एका आईने तसे प्रामाणिकपणे सांगितलेही. ते तीन बदलून द्यायचे की नाही, यावर आमच्यात खरे भांडण झाले. एक भगिनी म्हणाल्या, "चूक त्यांची, पैसे आपले का?" दुसऱ्या म्हणाल्या, "इस्त्री फिरवू नका असे आपण कुणाला सांगितले होते?" चकार शब्दही सांगितला नव्हता, हे खरे होते. शेवटी अकराही बदलून दिले. दिवाळीला आपापसांत वाटून घ्यायचे पैसे त्यात गेले. पहिल्या भगिनी महिनाभर विभागाकडे फिरकल्या नाहीत. नंतर आल्या, आणि येताना एक कागद लिहून घेऊन आल्या. आज आपल्या प्रत्येक कपड्याबरोबर जी चिठ्ठी जाते, तिचा पहिला मसुदा त्यांचा आहे.

त्या चिठ्ठीत लिहिले आहे ते थोडक्यात सांगते. छापील कपडा उलटा करावा, गार पाण्यात धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा. यंत्रात घालायचा असेल तर चेन आणि बटणे लावून, जुन्या उशीच्या अभ्ऱ्यात घालून घालावा, म्हणजे दुसऱ्या कपड्यांच्या हुकांनी छपाई ओरबाडत नाही. इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये एक सुती फडके ठेवून. फिल्मवरून गरम दाबाने चिकटवलेली छपाई असेल, जिला दुकानदार डीटीएफ म्हणतात, तर पहिला दिवसभर ती धुवूच नये. एवढे केले आणि तरी अक्षरे गळाली, तर ती छापणाऱ्याची चूक समजून खुशाल परत घेऊन यावे. हे शेवटचे वाक्य घालायला आमच्या खजिनदार तयार नव्हत्या, पण ते राहिले.

भरतकामाचा स्वभाव वेगळा. तिथे एकाच कपड्यावर दोन-तीन बिऱ्हाडे नांदत असतात. कापड सुती, धागा रेयॉनचा, मागे कडकपणासाठी लावलेला अस्तराचा तुकडा आणखी कशाचा तरी. पहिल्या धुण्यात सुती कापड आटते, धागा आटत नाही, आणि नक्षीभोवती चुण्या पडतात. पुष्कळजणी म्हणतात, मशीनचे भरतकाम वाईट. तसे नेहमीच नसते. कापड आधी भिजवून, आटवून मग भरायला दिले असते तर पुष्कळ निभावले असते. चुण्या पडल्याच तर कपडा किंचित ओला असताना नक्षी खाली करून जाड टॉवेलवर पसरावा आणि मागून इस्त्री करावी. टॉवेलात टाके रुततात, चपटे होत नाहीत. रेयॉनचा धागा चकाकतो छान, पण ओला झाला की त्याचे बळ कमी होते. म्हणून ओल्या नक्षीवर ब्रश घासू नये. मुलांच्या गणवेशाच्या खिशावरचे बोधचिन्ह याच ब्रशाने जाते. एखादा धागा सुटून वर आला तर तो ओढू नये, कापूही नये. सुईने मागच्या बाजूला घ्यावा.

जरीचे काम असेल तर ते घरी पाण्यात घालूच नये, असे माझे मत आहे. घाम, अत्तर आणि डांबराच्या गोळ्या हे तिघे जरीचे वैरी. मलमलीत गुंडाळून ठेवावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढे हळदीच्या डागाबद्दल न बोलून कसे चालेल? पदरावर हळद सांडली आणि साबण लावला की डाग लालभडक होतो, आणि आपण घाबरतो की भरतकामाचा रंग गेला. तसे नसते. हळदीला साबणाचा क्षार लागला की ती लाल होते, धुतली की पुन्हा पिवळी. ती उन्हाने फिकी पडते. पांढऱ्या कापडावर पांढरे भरतकाम असेल तर खुशाल उन्हात टाकावे. रंगीत असेल तर डागाबरोबर रंगही ऊन खाणार, हे धरून चालावे. कुंकवाचे सांगवत नाही. बाजारच्या कुंकवात अनेकदा रासायनिक रंग असतो आणि तो चिवट असतो.

आता मिठाबद्दल. इथे मला माझीच फजिती सांगावी लागेल. १९८८ साली माझ्या मुलाच्या बारशाला माझ्या आईने पांढरी कुंची शिवली होती आणि तिच्यावर पोपट भरला होता. हिरवे अंग, लाल चोच. लाल धागा बाजारातून सुटा आणलेला. रंग पक्का व्हावा म्हणून मी ती कुंची कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकून रात्रभर भिजवली. सकाळी चोचीभोवती रुपयाएवढा गुलाबी डाग. घाबरून पिळली, वाळवली, वर इस्त्री फिरवली, म्हणजे डाग कायमचा केला. रंगाऱ्याच्या भांड्यात मीठ रंगाला धाग्याकडे ढकलते, हे खरे. पण एकदा कपडा तयार झाल्यावर कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. सुती धाग्याशी रासायनिक गाठ बांधणारे रंग १९५६ साली बाजारात आले. तसा धागा असता तर मिठाची गरजच नव्हती. मी करायला हवे होते ते एवढेच, की आधी पांढरे ओले फडके चोचीवर दाबून रंग उतरतो का पाहायचे. आणि डाग पडल्यावर वाळू न देता, पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यात खळबळत राहायचे.

आईला दाखवायला घेऊन गेले तेव्हा मला रडू येत होते. तिने कुंची उजेडात धरली, चष्मा पुढे-मागे केला आणि म्हणाली, "पोपटाने पेरू खाल्ला म्हणायचे!" पुढे तिने त्या डागाभोवती हिरव्या धाग्याने दोन पाने भरली. आता आई नाही. कुंची माझ्या नातवालाही घालून झाली.

ती आज मी बरोबर आणली आहे. मागच्या टेबलावर, चिठ्ठ्यांच्या शेजारी ठेवली आहे. कार्यक्रमानंतर जरूर पाहावी, पेरू नीट ओळखू येतो. हात मात्र हळदीकुंकवाचे असतील तर आधी पुसून घ्यावेत.