डिंकेल आणि साधा गहू

जर्मनीचा श्वाबेन भाग आणि स्वित्झर्लंड येथे शतकानुशतके पिकत आलेला स्पेल्ट, ज्याला तेथील लोक डिंकेल म्हणतात, साध्या गव्हाहून पौष्टिक असल्याचे सर्रास सांगितले जाते. १२व्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्ड या मठाधिकारिणीने त्याची तोंडभरून स्तुती केली आणि तिच्या पुण्याईवर त्याचा आजही खप होतो. वस्तुतः तो साध्या गव्हाचाच भाऊबंद. गुणसूत्रे दोघांतही ४२; फरक एवढाच की मळणीत साध्या गव्हाचा दाणा मोकळा होतो, तर डिंकेलच्या ओंबीचे तुकडे पडूनही दाणा टरफलातच राहतो आणि तो निराळा सडावा लागतो. महाराष्ट्रातील खपली गहूही असाच टरफलातला, म्हणून दोहोंना एक समजण्याची चूक होते. परंतु खपलीची गुणसूत्रे २८, म्हणजे ती जातच वेगळी.

अमेरिकी कृषी खात्याच्या कोष्टकांत १०० ग्रॅम अख्ख्या डिंकेलमध्ये सुमारे १४.५ ग्रॅम प्रथिने आढळतात, तर साध्या गव्हाच्या मऊ वाणांत ती १०-११ ग्रॅमच असली तरी कठीण वसंती वाणांत १५च्या वर जातात. तेव्हा ‘साधा गहू’ म्हणजे नेमका कोणता, हे न ठरवता केलेली तुलना फसवीच ठरते. लोह आणि जस्त डिंकेलमध्ये काहीसे अधिक, तंतू मात्र किंचित कमी.

डिंकेल ग्लूटेनमुक्त असल्याचा समज तर घातकच आहे. पिठाला तार आणणाऱ्या या प्रथिनसमूहात ताण देणारे ग्लायडिन आणि पुन्हा आकसवणारे ग्लुटेनिन असे दोन भाग असतात. डिंकेलमध्ये पहिल्याचे प्रमाण जास्त असल्याने त्याचा गोळा सहज ताणला जातो, पण पूर्ववत होत नाही, आणि अधिक तिंबल्यास चिकट होऊन पसरतो. सीलिॲक रोग्याला, म्हणजे ग्लूटेनमुळे ज्याच्या आतड्याच्या अस्तराला इजा होते त्याला, दोन्ही सारखेच वर्ज्य.

खरा फरक पडतो तो गिरणीत. जर्मनीत पिठाच्या पुडीवर छापलेला क्रमांक म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे, अर्थात खनिजांचे, मिलिग्रॅममधील ढोबळ माप. कोंडा आणि अंकुर जितके काढावेत तितका तो उतरतो. दुकानांत सर्वत्र दिसणारे ६३० क्रमांकाचे डिंकेल पीठ मैद्याच्याच जवळचे असून, शेजारी ठेवलेल्या साध्या गव्हाच्या कोंड्यासकट दळलेल्या पिठापुढे ते लोहात आणि तंतूंत मागे पडते, भाव मात्र त्याचाच चढा असतो.