गच्चीवरचे जोडतारे



मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, स्टोअर्समध्ये, नट-बोल्ट मोजण्यात आणि उरलेल्या वेळात कविता लिहिण्यात माझी पंचवीस-तीस वर्षं गेली. त्यामुळे रेडिओवर ताऱ्यांविषयी बोलायचं आहे म्हटल्यावर बायकोने पहिला प्रश्न विचारला, ‘‘चंद्रावरच्या कविता वाचणार का?’’ नाही, आज कविता नाहीत. तीन इंची दुर्बिणीतून आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या जोडताऱ्यांविषयी मी बोलणार आहे. आणि त्यांच्याबरोबर एका शेजाऱ्याविषयीही बोलावं लागेल, कारण ते दोन विषय मला वेगळे करता येत नाहीत.

आधी आमच्या आकाशाविषयी. पिंपरी-चिंचवडमध्ये आकाश आहे, यावर पुण्यातल्या मित्रांचा विश्वास बसत नाही. त्यांचंही चुकत नाही. दक्षिणेला पुण्याचा उजेड, पश्चिमेला पिंपरी-चिंचवडचा आणि उत्तरेला चाकणचा. मी नोकरीला लागलो तेव्हा मोशीच्या पुढे नाशिक रस्त्यावर काळोख असायचा. मग चाकणला एकामागून एक मोटारींचे कारखाने आले आणि उत्तरेचं क्षितिज रात्रभर पिवळं राहू लागलं. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंश वर असतो. म्हणजे आमचा ध्रुव चाकणच्या उजेडातच बसलेला. आकाशगंगेचा पट्टा आमच्या गच्चीवरून कधीच पुसला गेला. तेजोमेघांचंही तेच झालं. त्यांचा उजेड पसरट असतो, पिठासारखा. शहराच्या उजेडात तो मिसळून जातो.

पण ताऱ्याचं तसं नसतं. तो बिंदू असतो, त्याचा सगळा उजेड एका जागी एकवटलेला असतो. म्हणून उजेडात बुडालेल्या गावातही जोडतारे शाबूत राहतात. नुसत्या डोळ्यांना एक दिसणारा, पण दुर्बिणीतून पाहिल्यावर दोन निघणारा तो जोडतारा. गरिबाची दुर्बीण आणि कारखान्यांचं गाव, अशा दोन्ही अडचणींत आकाशाने आमच्यासाठी राखून ठेवलेली ही शिधापत्रिकेवरची साखर म्हणा.

दुर्बीण मला जुनी मिळाली, पण तिची घोडी डगमगत होती. शेजारच्या रस्त्यावरून ट्रक गेला की तारा नाचायचा. आमच्या शेजारी अप्पा राहायचे. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. त्यांनी एक रविवार भंगारात घालवला, जाड पाइपचा तुकडा आणि दोन बेअरिंगं आणली आणि अशी घोडी बनवून दिली की एका बोटाने दुर्बीण फिरावी आणि सोडली की जागच्या जागी थांबावी. मजुरी म्हणून त्यांनी एकच मागितलं : रोज रात्री पहिली नजर त्यांची. मला ते ‘शायर’ म्हणायचे. मी म्हणायचो, ‘‘अप्पा, कवी म्हणा. मी मराठीत लिहितो.’’ ते म्हणायचे, ‘‘बरं शायर.’’

दोन ताऱ्यांमधलं अंतर विकलांत मोजतात. एका अंशाचे साठ भाग केले की एक कला, आणि एका कलेचे साठ भाग केले की एक विकला. मी हे पुस्तकातून वाचून दाखवलं. अप्पांनी सिगारेटच्या पाकिटावर हिशेब मांडला आणि म्हणाले, ‘‘म्हणजे एक मिलिमीटरची फट दोनशे सहा मीटरवरून दिसेल तेवढी. असं सांगा ना!’’ तीन इंची भिंगाला जास्तीत जास्त दीड विकलेपर्यंतची फट दिसते. एकोणिसाव्या शतकात विल्यम डॉज या इंग्रज निरीक्षकाने तो नियम बांधून दिला. अप्पांच्या भाषेत, गल्लीच्या त्या टोकाला एक मिलिमीटर. तेही हवा स्थिर असेल तर. उन्हाळ्यात आमचा स्लॅब रात्री अकरापर्यंत भाकरीच्या तव्यासारखा तापलेला असतो आणि त्यावरच्या हवेत तारे उकळत असतात. आम्ही स्लॅबवर पाणी मारायचो आणि वाट बघायचो. जोडताऱ्यांच्या निरीक्षणात निम्म्याहून जास्त काम वाट बघण्याचंच असतं.

2005 च्या उन्हाळ्यात मी अप्पांना म्हटलं, ‘‘आज कन्या राशीतला पोरिमा दाखवतो. सारख्याच तेजाचे दोन तारे, एकमेकांना खेटून.’’ चित्रा नक्षत्राच्या वर, थोडा पश्चिमेला हा तारा असतो. दुर्बीण लावली. अप्पांनी बराच वेळ पाहिलं आणि मान वर केली. ‘‘शायर, एकच आहे.’’ मी पाहिलं, एकच होता. माझं पुस्तक जुनं होतं, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की लहान दुर्बिणीतून दोन दिसतात. ते पुस्तक छापलं तेव्हा खरंच दिसत असत. पुढे वाचलं तेव्हा उलगडा झाला. हे दोन तारे एकमेकांभोवती सुमारे 169 वर्षांत एक फेरी घालतात. त्यांची कक्षा लांबट, अंड्यासारखी आहे. 2005 मध्ये ते इतके जवळ आले होते की अर्ध्या विकलेचंही अंतर उरलं नव्हतं. त्याआधीच्या फेरीत, 1836 मध्ये, जॉन हर्शेल या नामवंत ज्योतिर्विदालाही तो एकच दिसला होता. म्हणजे आम्ही नापास झालो होतो, पण चांगल्या माणसाच्या पंगतीत.

जॉन हर्शेलचे वडील विल्यम हर्शेल. पेशाने संगीतकार, इंग्लंडमधल्या बाथ या गावी ऑर्गन वाजवायचे. घरामागच्या बागेत दुर्बीण लावून जोडतारे शोधायचे. 1781 मध्ये त्या शोधात असतानाच त्यांना युरेनस सापडला. 1782 मध्ये त्यांनी 269 जोडताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांची बहीण कॅरोलिन शेजारी बसून टिपणं घेई. मौज अशी की या जोड्या खऱ्या असतील असं हर्शेलना मुळात वाटत नव्हतं. एक तारा जवळचा, दुसरा त्याच्या मागे खूप दूर, आणि आपल्याला ते एका रेषेत दिसतात एवढंच, असा त्यांचा समज होता. त्या दूरच्या ताऱ्याच्या आधाराने जवळच्या ताऱ्याचं अंतर काढावं, एवढ्यासाठी ते मोजमापं घेत होते. पंचवीस वर्षांनी त्यांनी तीच मोजमापं पुन्हा घेतली. पुनर्वसूतल्या कॅस्टरसारख्या जोड्यांतले तारे आपल्या जागेवरून सरकले होते, आणि तेही एकमेकांभोवती फिरत असावेत अशा बेताने. 1803 मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. काही जोड्या नुसत्या दिसण्यापुरत्या होत्या, तर काही खरोखर एकमेकांना बांधलेल्या.

कुठली जोडी कुठल्या प्रकारची हे एका रात्रीत, नुसतं बघून सांगता येत नाही, ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. त्याला कारण आहे. ‘‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’’ हा प्रश्न मी गेली तीस वर्षं कविसंमेलनांत ऐकतो आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. माझं नाव आणि माझी भाषा त्याला एका रेषेत आलेले दोन परके तारे वाटतात, इतकंच. त्यावर मी काय बोलणार? आणखी पंचवीस वर्षं बघा, असं म्हणता येत नाही.

पोरिमा आम्ही दर उन्हाळ्यात पाहत राहिलो. 2011 मध्ये तो लांबट वाटू लागला, तांदळाच्या दाण्यासारखा. 2012 च्या एप्रिलमध्ये एका रात्री हवा थांबली आणि मध्ये केसाएवढी काळी रेघ दिसली. पहिली नजर अप्पांची होती. ते म्हणाले, ‘‘उघडला.’’ सात वर्षं आम्ही त्या एका शब्दाची वाट पाहिली होती.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, कुठल्या तरी दूरच्या गावातल्या बातमीवरून आमच्या वसाहतीतलं वातावरण तापलं. भांडण झालं नाही. कोणी कोणाला काही बोललं नाही. अप्पा गच्चीवर यायचे थांबले. ईदला आम्ही नेहमीप्रमाणे शीरखुर्म्याचा डबा पाठवला. भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चमचाभर साखर तरी घालायची, हा दोन्ही घरांचा रिवाज. त्या वर्षी डबा स्वच्छ धुऊन आला, पण रिकामा आला. बायकोने तो काही न बोलता मांडणीवर ठेवला. आणि खरं सांगायचं तर मीही जाऊन विचारलं नाही. त्यांचा दरवाजा माझ्या दरवाजापासून बारा पावलांवर होता. जवळजवळ आठ महिने ती बारा पावलं मला टाकता आली नाहीत. नेत्रिकेला मी एकटाच डोळा लावायचो आणि मनात म्हणायचो, आपली जोडी दिसण्यापुरतीच होती की काय?

मे महिन्यात अप्पांची मुलगी लग्नपत्रिका घेऊन आली. ‘‘चाचा, नक्की यायचं. पप्पांनी सांगितलंय.’’ आम्ही गेलो. मुहूर्त दुपारचा होता. विधी संपत आले तसे गुरुजींनी नवरा-नवरीला मांडवाबाहेर नेलं आणि रणरणत्या उन्हात उत्तरेकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘अरुंधती दिसली?’’ दोघांनी आज्ञाधारकपणे सांगितलं, ‘‘दिसली.’’ सगळे हसले. हसता हसता अप्पांची आणि माझी नजरानजर झाली. पंगतीत ते माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, ‘‘शायर, दुर्बीण चालू आहे का?’’ कवी म्हणा, असं मी त्या दिवशी म्हटलं नाही.

मांडवपरतणीला जोडपं आलं, तेव्हा रात्री नऊ वाजता अप्पा दोघांना घेऊन आमच्या गच्चीवर आले. मे महिन्यात त्या वेळी सप्तर्षी उत्तरेला चांगले वर असतात. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून अंधूक अरुंधती. दोघांमधलं अंतर बारा कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्याहूनही कमी. आधी मोठा तारा दाखवायचा, मग त्याच्या आधाराने धाकटा, याला आपल्याकडे अरुंधतीदर्शन न्याय म्हणतात. अरबांनी या धाकट्या ताऱ्याला ‘सुहा’ म्हटलं, म्हणजे दुर्लक्षित राहिलेला, आणि नजर पारखायला तो वापरला. वसिष्ठाचं अरबी नाव मिझार. आपल्या बोलीतली ‘इजार’ आणि ही मिझार एकाच धातूतल्या.

मग दुर्बीण लावली. नवरीने पाहिलं आणि म्हणाली, ‘‘चाचा, अरुंधती तर आहेच, पण इथे वसिष्ठच दोन आहेत!’’ गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याला 1617 मध्ये नेमकं हेच दिसलं होतं. त्या दोघांत चौदा विकलांचं अंतर आहे, म्हणजे चौदा मीटरवरून एक मिलिमीटर. लहान दुर्बिणीतूनही ते सहज सुटे दिसतात. मी तिला सांगितलं, की 1889 मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेने या दोघांतला मोठा ताराही दोन असल्याचं प्रकाशाच्या पट्ट्यावरून ओळखलं. पुढे धाकटाही दोन निघाला. 2009 मध्ये अरुंधतीचाही एक मंद सोबती सापडला. असे एकूण सहा. बहुधा सगळे एकमेकांना बांधलेले, आपल्यापासून सुमारे ऐंशी प्रकाशवर्षांवर. जावई गंभीरपणे म्हणाला, ‘‘म्हणजे एकत्र कुटुंब.’’

ते दोघं खाली गेले. अप्पा थांबले. मी दुर्बीण दक्षिणेकडे वळवून पोरिमा लावला आणि बाजूला झालो. अप्पा डोळा लावून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘फट वाढली की. मधले महिने आपण मोजलेच नाहीत.’’ मी म्हटलं, ‘‘ते फिरायचे थांबले नव्हते, अप्पा.’’ ते म्हणाले, ‘‘चूक माझी होती.’’ मी म्हटलं, ‘‘बारा पावलं मलाही होती.’’ यापलीकडे त्या विषयावर आम्ही आजवर बोललेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून लग्नाचे बुंदीचे लाडू आले. डबा परत करताना बायकोने त्यात साखर घातली, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

श्रोतेहो, तुमच्याकडे साधी लहान दुर्बीण असेल तर शहराच्या उजेडाला भिऊ नका. उन्हाळ्यात वसिष्ठ बघा, पोरिमा बघा. ध्रुवालाही एक मंद जोडीदार आहे, तो शोधा. दुर्बीण नसेल तर नुसत्या डोळ्यांनी अरुंधती शोधा. आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा. वही एका रात्रीत फारसं काही सांगत नाही. ती दहा वर्षांनी बोलू लागते.

अप्पा निवृत्त झाले आणि आता चाकणला मुलाकडे, अकराव्या मजल्यावर राहतात. ज्या उत्तरेच्या उजेडाला मी इतकी वर्षं नावं ठेवली, त्यातच कुठे तरी त्यांची गॅलरी आहे. ध्रुव बघायला वळलो की आता त्या पिवळ्या पट्ट्याचा राग येत नाही. एप्रिल लागला की रात्री फोन वाजतो.

‘‘शायर, पोरिमा किती झाला?’’

‘‘तीन विकलांच्या पुढे गेला, अप्पा.’’

‘‘मग रविवारी येतो. पहिली नजर माझी.’’